खरं की गोष्ट? मुलांना पुराण आणि इतिहास शिकवताना

"आजी, गणपतीचा दात नक्की कशाने तुटला?" गेल्या गणपतीत आरतीची तयारी चालू असताना माझ्या नऊ वर्षांच्या नातीने विचारले. मंदिराच्या रविवारच्या वर्गात तिने ऐकले होते, की महाभारत लिहिताना लेखणी मोडली म्हणून बाप्पाने स्वतःचा दात मोडून लेखणी केली. घरी मी सांगितले होते, की परशुरामाच्या परशूने दात तुटला. मग खरे काय?

तिचा बाबा लहान असताना त्यानेही विचारले होते, "बाप्पाचे पहिले डोके कुठे गेले?" मी म्हटले, "देवाच्या बाबतीत असले प्रश्न विचारू नयेत." तो गप्प झाला, आणि कायमचाच. आज मुलीला सांगायला त्याच्याजवळ एकही गोष्ट नाही. चूक माझी होती. म्हणून ठरवले, की नातीला दर शनिवारी अर्धा तास एकटीला घेऊन बसायचे आणि तिचा एकही प्रश्न अडवायचा नाही.

रविवारच्या वर्गाचे मोल मोठे आहे. तिथे आरत्या, श्लोक पाठ होतात, सवंगडी मिळतात. पण पंधरा मुलांत शंका विचारायला संकोच वाटतो. ती शंका आजीच्या शेजारी बसल्यावरच बाहेर येते.

पहिला धडा दाताचाच. मी सांगितले, की पुराणे अनेकांनी, अनेक काळांत, अनेक प्रांतांत सांगितली, म्हणून एकाच देवाच्या दोन गोष्टी असतात. प्रत्येक गोष्ट काय शिकवते ते बघायचे. परशू शंकराने दिलेला, म्हणून वडिलांचा मान राखण्यासाठी बाप्पाने तो वार दातावर झेलला. दुसऱ्या गोष्टीत बाप्पाची अट, की व्यासांनी मध्ये थांबायचे नाही. आणि व्यासांची उलट अट, की अर्थ कळल्याशिवाय लिहायचे नाही. नातीला ही दुसरी अट फार आवडली!

मग तिला पुण्याच्या भांडारकर संस्थेबद्दल सांगितले. तिथल्या विद्वानांनी १९१९ साली काम सुरू करून, देशभरातल्या हस्तलिखितांची तुलना करून, १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यांनी गणपतीच्या लेखनाची ही कथा मूळ संहितेत न ठेवता परिशिष्टात घातली. "म्हणजे खोटी?" नातीने विचारले. "खोटी नाही गं. कुणाला तरी नंतर ती सांगावीशी वाटली, आणि लोकांना आवडली म्हणून टिकली."

दुसरा धडा इतिहासाचा. प्रतापगड, १० नोव्हेंबर १६५९. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे २०२४ च्या जुलैत तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात प्रदर्शनाला गेली, प्रथम साताऱ्याला. ती ग्रँट डफच्या घराण्याकडून संग्रहालयाला मिळाली. मात्र महाराजांनी वापरलेली वाघनखे हीच, हे सिद्ध करता येत नाही, असे संग्रहालयच सांगते.

"मग महाराज तरी खरे होते ना?" नात घाबरून म्हणाली. इथेच इतिहास पुराणापेक्षा वेगळा होतो. महाराजांची पत्रे आहेत, नाणी आहेत, गड आहेत. त्यांतले बारा किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. सभासदाची बखर आहे. आणि ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाला रायगडावर हजर असलेल्या हेन्री ऑक्झेंडन या इंग्रज वकिलाने आपण काय पाहिले ते लिहून ठेवले आहे. इंग्लंडच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीला हा पुरावा एकदम पटला!

एक काळजी घ्यावी. आपल्या मुलांचे वर्गमित्र सर्व धर्मांचे असतात. ही लढाई दोन राज्यांची होती. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता, आणि खानाची कबर आजही प्रतापगडाच्या पायथ्याशी आहे. हेही सांगावे.

ज्यांना घरी सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी माझी पद्धत अशी :

१. एका वेळी एकच गोष्ट सांगावी, आणि नकाशा जवळ ठेवावा.

२. मुलाने ती उलट सांगावी. मराठीत इंग्रजी शब्द आले तरी टोकू नये.

३. वहीत तीन रकाने आखावेत : 'घडले', 'सांगितले जाते' आणि 'अजून ठाऊक नाही'. तिसरा रकाना रिकामा राहू देऊ नये.

४. उत्तर येत नसेल तर "पुढच्या शनिवारी बघू" म्हणावे, आणि खरोखर बघावे.

मागच्या महिन्यात माझा मुलगा चहाचा कप घेऊन आमच्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ ऐकून हसत म्हणाला, "आई, पण बाप्पाचे पहिले डोके कुठे गेले?"

मी म्हटले, "पुढच्या शनिवारी बघू." नातीने लगेच तिसऱ्या रकान्यात लिहून घेतले.

गणपती बाप्पा मोरया!