उन्हाळ्यातील सहल : उष्णतेचा जमाखर्च

17 जुलै 1955. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अनाहाइम या गावी वॉल्ट डिस्ने यांच्या डिस्नेलँडचा तो पहिला दिवस. अर्थात आलेल्या प्रत्येकाची ती पहिलीच भेट होती. हवेचे तापमान 38 अंश सेल्सिअसच्या घरात गेले होते. रस्त्यांवर डांबर घालण्याचे काम आदल्या रात्रीपर्यंत चालले होते. ते नवे डांबर उन्हाने मऊ पडले आणि बायकांच्या बुटांच्या उंच टाचा त्यात रुतू लागल्या. प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे अनेक नळ कोरडे होते. जगप्रसिद्ध झालेल्या या उद्यानाचा पहिला दिवस लोकांच्या लक्षात राहिला, तो उन्हामुळे आणि तहानेमुळे.

विद्यार्थी मित्रांनो, असे एक मोठे थीम पार्क आपल्याकडे खोपोलीजवळ 2013 साली सुरू झाले. त्याचे नाव इमॅजिका. मे महिन्याच्या सुट्टीत तुमच्यापैकी कितीतरी जण तेथे प्रथमच जातील. जाण्याआधी कोणता पाळणा सर्वांत उंच, कोणता सर्वांत वेगवान, याची चर्चा होईलच. पण उन्हात सात-आठ तास काढायचे आहेत, त्याचे काय? त्याची आखणी करायला तुमच्या पाठ्यपुस्तकातील उष्णतेचे प्रकरण पुरेसे आहे. चला, करून पाहू.

शरीर नावाची शेगडी

आपले शरीर सतत उष्णता निर्माण करीत असते. उद्यानात हिंडताना एखाद्या विद्यार्थ्याच्या शरीरात ताशी सुमारे 200 किलोकॅलरी उष्णता तयार होते. समजा, त्याचे वजन 50 किलोग्रॅम आहे. 1 किलोग्रॅम शरीराचे तापमान 1 अंशाने वाढवायला सुमारे 0.83 किलोकॅलरी लागते. म्हणजे संपूर्ण शरीराला 1 अंशासाठी साधारण 41.5 किलोकॅलरी लागतील. आता 200 ला 41.5 ने भागा. उत्तर येते 4.8. शरीरातून उष्णता बाहेर पडलीच नाही, तर तासाभरात त्या विद्यार्थ्याचे तापमान 37 वरून जवळजवळ 42 अंशांवर जाईल! 40 अंशांच्या पुढे मेंदूचे काम बिघडू लागते, हे लक्षात घ्या. तेव्हा जमा होणारी उष्णता तितक्याच वेगाने खर्ची पडली पाहिजे.

ती खर्ची पडण्याचे मार्ग कोणते? संवहन, प्रारण आणि बाष्पीभवन. त्वचेचे तापमान उन्हाळ्यात सुमारे 35 अंश असते. हवा 25 अंशांची असेल, तर पहिले दोन मार्ग चांगले चालतात. पण हवाच 35 अंशांची झाली की ते बंद पडतात. हवा त्याहून तापली की उष्णता उलट शरीरात येऊ लागते. शिवाय स्वच्छ दुपारी जमिनीच्या दर चौरस मीटरवर सुमारे 1000 वॅट ऊन पडते. त्यातील काही भाग आपल्या डोक्याखांद्यांवर, आणि काही तापलेल्या फरशीवरून परतून, आपल्याच खात्यावर जमा होतो.

उरला एकच मार्ग, घामाचा. 1 ग्रॅम घाम वाळताना सुमारे 580 कॅलरी उष्णता घेऊन जातो. हाच बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा. यावरून 200 किलोकॅलरी बाहेर टाकायला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास घाम पुरे. पण एक अट आहे. तो घाम वाळला पाहिजे! कपाळावरून ठिबकून जमिनीवर पडलेल्या थेंबाने शरीराचे पाणी तेवढे नेले, उष्णता जवळजवळ काहीच नेली नाही.

साधा तापमापक फसवतो

आता एक प्रश्न. नागपूरला 43 अंश तापमान आणि 15 टक्के सापेक्ष आर्द्रता आहे. कोकणात 34 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रता आहे. घाम कोठे लवकर वाळेल?

बाष्पीभवनाचा वेग त्वचेजवळचा बाष्पदाब आणि हवेतील बाष्पदाब यांच्या फरकावर अवलंबून असतो. 35 अंशांच्या ओल्या त्वचेजवळ हा दाब सुमारे 42 मिलिमीटर पारा असतो. नागपूरच्या त्या हवेत तो सुमारे 10 मिलिमीटर येतो, तर कोकणातल्या हवेत सुमारे 26. म्हणजे नागपूरला फरक 32 मिलिमीटर, कोकणात अवघा 16. तापमान नऊ अंशांनी कमी असूनही कोकणात घाम वाळवणारा जोर निम्माच! अंगाला शर्ट चिकटतो, तो यामुळेच.

याचा अर्थ नागपूरचे ऊन निरुपद्रवी असा मात्र करू नका. तेथे घाम झटकन वाळतो, त्यामुळे किती पाणी गेले हे कळतच नाही. दोन्हीकडे धोका आहे. त्याचे रूप तेवढे वेगळे आहे. खोपोली सह्याद्रीच्या पायथ्याशी, कोकणपट्टीत आहे. तेव्हा आपला प्रश्न न वाळणाऱ्या घामाचा.

हे प्रयोगाने पडताळून पाहता येते. शाळेच्या प्रयोगशाळेतील दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती पातळ सुती कापड गुंडाळून ते पाण्यात भिजवा. दोन्ही तापमापक सावलीत टांगून पुठ्ठ्याने वारा घाला. थोड्या वेळाने ओला तापमापक कोरड्यापेक्षा कमी तापमान दाखवील. वरच्या उदाहरणातील नागपुरात ओला तापमापक 23 अंशांच्या जवळ थांबेल, कोकणात 28 च्या पुढे जाईल. घाम गाळणारे आपले शरीर हाही एक ओला तापमापकच आहे. म्हणून सहलीच्या दृष्टीने ओल्याचे बोलणे अधिक खरे मानावे.

16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघर येथे एका समारंभासाठी लाखो लोक उघड्या मैदानावर जमले होते. त्या दिवशी तापमान सुमारे 38 अंश नोंदले गेले. विदर्भातील माणसाला या आकड्याचे फारसे काही वाटणार नाही. पण डोक्यावर ऊन, दमट हवा, दाट गर्दी आणि काही तासांचा काळ, हे सारे एकत्र आले आणि उष्माघाताने दहाहून अधिक माणसे दगावली. खारघर आणि खोपोली दोन्ही रायगड जिल्ह्यातच आहेत, हे विसरू नका.

सावली कोठे मिळेल?

खोपोलीचा अक्षांश सुमारे 18.8 अंश उत्तर. मेच्या मध्याला सूर्य नेमका तितकाच उत्तरेला असतो. त्यामुळे त्या सुमारास मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. आपली घड्याळे 82.5 अंश रेखांशाची वेळ दाखवतात, आणि खोपोली त्याच्या पश्चिमेला सुमारे 9 अंश आहे. म्हणून तेथील खरी मध्यान्ह घड्याळात बाराला न होता सुमारे 12 वाजून 33 मिनिटांनी होते.

याचा आपल्याला उपयोग काय? 3 मीटर उंचीच्या भिंतीची सावली या दिवसांत सकाळी 11 ते दुपारी 2 या वेळेत सव्वा मीटरपेक्षाही कमी रुंद असते. मध्यान्ही तर ती नसतेच. त्या तीन तासांत भिंतीचा, कुंपणाचा, उंच पाळण्याच्या खांबांचा काही आधार नाही. हवे ते छप्परच. उलट सकाळी 9 च्या सुमारास त्याच भिंतीची पश्चिमेला तीन मीटरहून रुंद सावली असते, आणि दुपारी 4 वाजता तेवढीच पूर्वेला. उद्यानाचा नकाशा मिळाला की प्रथम उत्तर दिशा शोधा. सकाळी इमारतींच्या पश्चिम बाजूने चाला, उतरत्या दुपारी पूर्व बाजूने.

रांगेचे गणित

थीम पार्कमध्ये पाळण्यात बसण्याचा वेळ काही मिनिटांचा असतो. खरा वेळ जातो तो रांगेत. आणि रांग ही उष्णतेच्या दृष्टीने वाईट जागा आहे. माणसे एकमेकांना खेटून उभी असतात, वारा अडतो, सर्वांच्या घामाची वाफ मध्येच कोंडते, आणि शेजाऱ्याच्या शरीराची उष्णताही आपल्याला मिळते.

किती वेळ उभे राहावे लागेल, हे रांगेत शिरण्यापूर्वीच काढता येते. समजा, पाळण्याच्या गाडीत 24 जागा आहेत आणि घड्याळ लावून पाहिल्यावर दर 3 मिनिटांनी एक गाडी सुटते असे दिसले. म्हणजे मिनिटाला 8 माणसे पुढे सरकतात. रांगेत 240 माणसे असतील, तर 240 भागिले 8, म्हणजे 30 मिनिटे. माणसांची संख्या म्हणजे दर गुणिले वेळ. हा साधा नियम कोणत्याही रांगेला लागू पडतो, आणि 1961 साली जॉन लिटल या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याची काटेकोर सिद्धता दिली. माझे मत विचाराल, तर भर दुपारी छप्पर नसलेल्या रांगेचे उत्तर 20 मिनिटांच्या वर आले की सरळ पुढे जावे. तो पाळणा संध्याकाळीही तेथेच असणार आहे.

पाणी थंड हवे की पुरेसे?

बर्फाचे पाणी प्यायले की गार वाटते. पण हिशेब करा. शून्य अंशाचे एक पेलाभर, म्हणजे 200 ग्रॅम, पाणी शरीरात 37 अंशांपर्यंत तापताना 7.4 किलोकॅलरी उष्णता घेते. तेच 200 ग्रॅम पाणी घाम होऊन वाळले, तर 116 किलोकॅलरी नेते. पंधरापटीहून अधिक! गारव्यापेक्षा पाण्याचे मोल मोठे. माठातले पाणीही तेवढेच काम करील.

उन्हात हिंडताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. म्हणून तहानेची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. मात्र एका वेळी लिटर-दोन लिटर पाणी ढोसू नये. घामाबरोबर मीठही जाते. त्यासाठी मीठ घातलेले लिंबाचे सरबत, पन्हे, ताक ही आपली जुनी पेये उत्तम. जलसंजीवनी हवी असेल, तर उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा. बाहेरचे पाणी आत नेऊ देतात की नाही, आणि आत पाण्याची सोय कोठे आहे, हे आधीच विचारून ठेवावे.

दिवसाची आखणी

आता सारे धागे एकत्र करू.

दार उघडण्याच्या वेळेलाच पोहोचावे. पहिल्या दोन तासांत उघड्यावरच्या, मोठ्या रांगांच्या राइड उरकून घ्याव्यात. तेव्हा रांग लहान असते आणि सावली लांब.

11 ते 3 ही वेळ छपराखालची. जेवण, बसून पाहायचे खेळ, बंद दालनातील राइड या वेळेसाठी राखून ठेवा. गार दालनातला अर्धा तास वाया गेला असे समजू नका. साठलेली उष्णता तेथे खर्ची पडते. हवेचे तापमान मध्यान्हीनंतरही वाढतच असते आणि तीनच्या सुमारास सर्वांत जास्त होते, हे ध्यानात ठेवा.

तीननंतर बाहेर पडताना आधी पाण्याची राइड घ्यावी. भिजलेले कपडे म्हणजे उसना घाम! कपड्यातले पाणी वाळताना तीच 580 कॅलरी प्रतिग्रॅम घेते, आणि शरीराचे स्वतःचे पाणी वाचते. पाण्याच्या खेळांकडे जाताना पायांत चपला असू द्या. अनाहाइमच्या डांबराला मऊ करणारे ऊन तळपायालाही चटका देते. चारनंतर राहिलेल्या उघड्या राइड घ्या.

कपडे सुती, सैल, फिक्या रंगाचे असावेत. डोक्याला रुंद कडेची टोपी आणि मानेवर ओला रुमाल. परतताना दिवसभर उन्हात उभी असलेली बस आतून भट्टीसारखी तापलेली असते. खिडक्या काही मिनिटे उघडून मगच आत बसावे.

जोडीदार नेमा

शिक्षकांना एक विनंती. मुलांच्या जोड्या पाडा आणि प्रत्येकाला जोडीदारावर लक्ष ठेवायला सांगा. डोके दुखणे, पोटऱ्यांत गोळे येणे, चक्कर, मळमळ ही पहिली सूचना. अशा वेळी सावलीत बसवून पाणी व मीठ-साखर द्यावी आणि त्या दिवसाचे हिंडणे थांबवावे. पण मूल असंबद्ध बोलू लागले, चालताना झोकांड्या देऊ लागले, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. अंगाला घाम असला तरीही. तेव्हा 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. सावलीत निजवा, जादा कपडे काढा, सर्वांगावर पाणी ओता, जोराने वारा घाला, मानेला, काखेत व जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात पाणी घालू नका.

जोडीदार कशासाठी, असे तुम्ही विचाराल. उष्माघातात शरीराचे तापमान वाढते तेव्हा मेंदूचेच काम बिघडते. म्हणून ज्याला त्रास होतो, त्याला तो होत आहे हे बहुधा कळत नाही. "मला काही झालेले नाही, मी अजून एक फेरी घेतो," असे तोच म्हणेल. त्याचा ओला तापमापक तुम्हाला वाचावा लागेल.

सहलीच्या आदल्या दिवशी शाळेच्या मैदानावर सकाळी 9, दुपारी साडेबारा आणि 3 वाजता कोरड्या व ओल्या तापमापकांची नोंद घ्या, आणि एका उभ्या काठीची सावलीही मोजा. सहा तापमाने आणि तीन लांब्या. एवढी नोंद वहीत असेल, तर तुमची पहिली भेट उन्हामुळे लक्षात राहणार नाही, पाळण्यांमुळे राहील.