धमन्यांतील कॅल्शियम आणि अणुवैद्यक

वाढत्या वयाबरोबर हृदयाच्या धमन्यांत व झडपांत कॅल्शियमचे क्षार साचू लागतात. त्यामुळे धमन्या ताठर होतात, झडपा पुरेशा उघडत नाहीत. हा साठा मोजण्यासाठी सी. टी. स्कॅनचा उपयोग होतो. १९९० मध्ये अमेरिकेतील डॉ. आगॅट्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली गुणांकनपद्धती त्यासाठी आजही प्रचलित आहे.

परंतु सी. टी. स्कॅनमध्ये दिसतो तो दीर्घकाळ साचून घट्ट झालेला साठा. नव्याने तयार होत असलेले सूक्ष्म कण त्यात दिसत नाहीत. आणि धोका अनेकदा याच चालू प्रक्रियेत दडलेला असतो. तिचा माग अणुवैद्यकाच्या साहाय्याने काढता येतो.

या तपासणीत किरणोत्सारी फ्लोरिन-१८ असलेले सोडियम फ्लोराइड शिरेतून टोचले जाते. फ्लोराइड हे कॅल्शियमच्या स्फटिकांत सहज सामावते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत पिण्याच्या पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडमुळे दात व हाडे बिघडतात, त्यामागेही हाच गुणधर्म आहे. तपासणीतील मात्रा मात्र अत्यल्प असते. सूक्ष्म स्फटिकांचा पृष्ठभाग त्यांच्या आकारमानाच्या मानाने मोठा असल्यामुळे फ्लोराइड तेथे अधिक प्रमाणात जमते आणि पेट स्कॅन यंत्र ती जागा दाखविते. फ्लोरिन-१८ चा किरणोत्सार सुमारे ११० मिनिटांत निम्मा होतो.

एडिंबरा येथील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ४० रुग्णांपैकी ३७ जणांत, झटक्यास कारणीभूत झालेल्या जागीच फ्लोराइड सर्वाधिक जमलेले आढळले.

भारतात पेट स्कॅनची सोय २००२ मध्ये मुंबईत परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये प्रथम उपलब्ध झाली. सोडियम फ्लोराइडचा वापर हाडांच्या तपासणीसाठी रूढ आहे. हृदयासाठी मात्र तो अद्याप प्रामुख्याने संशोधनाच्या कक्षेत आहे. खर्च आणि किरणोत्सार लक्षात घेता निरोगी व्यक्तींची सरसकट तपासणी करण्याचे हे साधन नव्हे.

म्हणून गावपातळीवरील कर्तव्य वेगळे आहे. रक्तदाब व रक्तातील साखर यांची नियमित तपासणी आणि तंबाखूपासून मुक्ती यांवर ग्रामपंचायतींनी व शिक्षकांनी भर द्यावा. छातीत दुखून घाम येऊ लागल्यास ते पित्त समजून वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका तत्काळ बोलवावी. यंत्राची दृष्टी कितीही सूक्ष्म झाली, तरी रुग्ण वेळेवर रुग्णालयात पोहोचणे हेच प्राण वाचविण्याचे पहिले साधन आहे.