नोकरीला चिकटल्यानंतर

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

आपल्याकडे एखादा मुलगा नोकरीला लागला की तो 'चिकटला' असे म्हणतात. एकदा चिकटले की निवृत्तीपर्यंत सुटायचे नाही आणि हलायचेही नाही, असा त्याचा अर्थ. घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या माझ्यासारख्या विद्यार्थ्यांना हा शब्द सुखाचा वाटतो, कारण आईवडिलांनी रोजंदारीतली अनिश्चितता भोगलेली असते. उलट, दर दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलावी, तरच प्रगती होते, असे सांगणारेही आज पुष्कळ भेटतात. या दोन मतांखेरीज तिसरी एक वाट आहे. एका मोठ्या संस्थेत प्रवेश मिळवायचा आणि तिच्या आतच कामे बदलत, शिकत पुढे जायचे. प्रस्तुत लेखात या वाटेचा विचार करावयाचा असून त्यासाठी भारतीय स्टेट बँकेचे उदाहरण घेतले आहे.

मराठवाड्याला ही बँक परकी नाही. निजामाच्या राज्यात १९४१ साली स्थापन झालेली बँक १९५६ पासून 'स्टेट बँक ऑफ हैदराबाद' या नावाने आपल्या गावोगावी परिचित होती. १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. आज या बँकेच्या २२ हजारांहून अधिक शाखा असून कर्मचाऱ्यांची संख्या दोन लाखांच्या वर आहे. एवढ्या पसाऱ्यात रोखपालापासून परकीय चलनापर्यंत आणि शेतीकर्जापासून संगणक विभागापर्यंत नाना प्रकारची कामे चालतात. म्हणजे नोकरी एकच असली तरी व्यवसाय अनेक आहेत.

दोन जीवनक्रम

पहिले उदाहरण श्रीमती प्रतीक्षा तोंडवळकर यांचे. त्यांचा जन्म १९६४ साली पुण्यात झाला. शाळा पुरी होण्यापूर्वीच लग्न झाले. पती स्टेट बँकेत पुस्तक-बांधणीचे काम करीत. १९८४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले, तेव्हा प्रतीक्षाताई अवघ्या वीस वर्षांच्या होत्या आणि पदरी लहान मूल होते. त्यांनी बँकेकडे काम मागितले. मिळाले ते मुंबईच्या शाखेत अर्धवेळ सफाईचे. झाडणे, टेबलखुर्च्या पुसणे, स्वच्छतागृहे धुणे या कामाचे महिन्याला ६०-६५ रुपये मिळत, असे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले आहे.

शाखेतील इतर माणसे टेबलाशी बसून काम करताना त्या रोज पाहत होत्या आणि आपणही असे काम करावे, हे त्यांच्या मनाने घेतले. सहकाऱ्यांच्या मदतीने अभ्यास करून त्या दहावी उत्तीर्ण झाल्या. मग बारावी, आणि त्यानंतर विक्रोळीच्या रात्र-महाविद्यालयातून १९९५ मध्ये मानसशास्त्रातील पदवी. त्या लिपिक झाल्या. २००४ मध्ये प्रशिक्षणार्थी अधिकारी म्हणून त्यांची निवड झाली आणि २०२२ मध्ये त्या सहायक महाव्यवस्थापक या पदावर पोहोचल्या. अधिकाऱ्यांच्या श्रेणींपैकी ही पाचवी श्रेणी होय. हा प्रवास सदतीस वर्षांचा आहे, आणि तो संपूर्ण एकाच बँकेत झाला.

दुसरे उदाहरण श्रीमती अरुंधती भट्टाचार्य यांचे. आपल्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण त्या इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थिनी होत्या. १९७७ मध्ये त्या परिवीक्षाधीन अधिकारी म्हणून बँकेत आल्या. पुढे परकीय चलन, कोषागार, किरकोळ कर्जे, मनुष्यबळ विभाग, न्यूयॉर्कचे कार्यालय, बंगळुरू मंडळ आणि भांडवल बाजारातील उपकंपनी अशा परस्परांहून अगदी भिन्न ठिकाणी त्यांनी काम केले. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्या बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. वर उल्लेखिलेले विलीनीकरण त्यांच्याच कारकिर्दीत झाले.

दोघींची सुरुवात अगदी वेगळी. एक तळाच्या पायरीपासून वर चढत गेल्या, तर दुसऱ्या वर चढता चढता आडव्याही फिरल्या. आपण 'बढती' म्हणजे केवळ वर जाणे समजतो. परंतु वेगळ्या विभागात गेल्याने जे शिकावयास मिळते, तीही एक कमाईच असते. नव्या विभागात गेल्यावर तेथील काम नवे असले, तरी संस्थेचे नियम, माणसे आणि आपली आजवरची नोंद या गोष्टी सोबत येतात. कंपनी बदलणाऱ्यास हे सारे पुन्हा शून्यापासून उभे करावे लागते.

या वाटेच्या अटी

पहिली अट परीक्षेची. शिपायाचा लिपिक व लिपिकाचा अधिकारी होतो तो केवळ वर्षे भरल्यामुळे नव्हे. त्यासाठी अंतर्गत परीक्षा, मुलाखती असतात. म्हणजे नोकरी लागल्यावर पुस्तक मिटता येत नाही.

दुसरी अट बदलीची. बँकेत एकाच टेबलावर माणूस फार काळ राहिला तर चुका व गैरव्यवहार झाकले जाण्याची भीती असते, म्हणून जबाबदारीच्या जागा ठराविक काळाने बदलतात. अधिकाऱ्यास खेड्यातील शाखेतही काम करावे लागते. पुष्कळ लिपिक बढतीच नाकारतात त्याचे कारण हेच. मुलांची शाळा, म्हातारे आईवडील, नुकतेच बांधलेले घर सोडून परगावी कोणी जावे? स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच कठीण होतो. बढती नाकारणाऱ्यास आळशी म्हणणे सोपे आहे. त्याचा हिशेबही आपण समजून घेतला पाहिजे.

तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. संस्थेत जिना असला पाहिजे आणि आपण त्या जिन्याच्या आत असलो पाहिजे. प्रतीक्षाताई झाडू मारत होत्या, परंतु त्या बँकेच्या कर्मचारी होत्या. म्हणून शिक्षण घेतल्यावर वरची पायरी त्यांच्यासाठी खुली झाली. आज अनेक मोठ्या कार्यालयांत व कारखान्यांत सफाई, पहारा, मालाची चढउतार ही कामे ठेकेदारामार्फत दिली जातात. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या वसाहतींकडे रोज सकाळी जाणाऱ्या बसगाड्यांत असे कितीतरी तरुण असतात. तो तरुण त्याच फाटकातून आत जातो, त्याच छपराखाली काम करतो, पण त्याचे नाव ठेकेदाराच्या वहीत असते. त्याने रात्री अभ्यास करून पदवी मिळवली, तरी त्या कंपनीच्या अंतर्गत परीक्षेचा अर्ज त्याला भरता येत नाही. तेव्हा 'जिद्द असली की सारे होते' असे म्हणून हा विषय संपवता येणार नाही. जिद्द माणसाची असते, जिना मात्र संस्थेने बांधावा लागतो.

मित्रांनो, पुढील वर्षी आपल्यापैकी अनेकजण मुलाखतींना जातील. पगार किती, हे आपण विचारूच. त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत. माझी नेमणूक कोणाकडून होणार, कंपनीकडून की ठेकेदाराकडून? आतून वरच्या जागेसाठी परीक्षा देता येते काय? आणि पुढील शिक्षणासाठी रजा मिळते काय? पहिली जागा लहान असली तरी चालेल. पण या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर ती जागा घेण्यास कमीपणा मानू नये, आणि घेतल्यावर तिला चिकटूनही बसू नये.