बदकांना मासळी घालताना

चौल-रेवदंड्याच्या पट्ट्यात नारळ-सुपारीच्या वाडीत चार बदकं सोडलेली बऱ्याच घरी दिसतात. किनाऱ्यावर मासळीला तोटा नाही, म्हणून उरलंसुरलं त्यांच्यापुढे टाकलं जातं. माझी बदकंही वाडीतल्या तळ्यावर वाढली. त्यांना खाऊ घालताना जे कळलं, ते इथे मांडतो.

१. आधी पाणी, मग मासळी. जवळा टाकला की बदक तो चोचीत धरून थेट पाण्याकडे धावतं, बुचकळतं, मान वर करून गिळतं. कोरडा घास त्याच्या घशात अडकतो. ताटलीभर पाणी पुरत नाही. नाकपुड्या बुडतील इतकं खोल भांडं शेजारीच हवं, म्हणजे नाक-डोळेही धुतले जातात.

२. खारा बांगडा वगैरे खारवलेलं सुकं अजिबात नको. जास्त मिठाने बदकं मरतात. बिनमिठाचा, उन्हात वाळवलेला जवळा चालतो. तोही मी आदल्या रात्री गोड्या पाण्यात भिजत घालतो आणि सकाळी ते पाणी ओतून देतो.

३. वास मारणारी मासळी घालू नये. कुजक्या माशात बोट्युलिझमचं विष तयार होतं. त्याने बदकाचे पाय लुळे पडतात, मग मानही उचलत नाही, आणि पोहता पोहता ते बुडतं. तळ्याच्या काठावर पडलेलं डोकं-आतडं त्याच दिवशी उचलून खोल पुरावं. हे काम कंटाळवाणं आहे, पण बाकी सगळं एका बाजूला आणि हे एका बाजूला.

४. कच्ची मासळी रोज नको. काही जातींच्या कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारं द्रव्य असतं. प्राणिसंग्रहालयांत मासे खाणाऱ्या पक्ष्यांना ब-१ची गोळी माशाच्या कल्ल्यात खुपसून देतात, ती याचसाठी. घरी मासळी उकडली तरी काम होतं.

५. शिंगाळ्याचे काटे कोयत्याने छाटल्याशिवाय तो टाकू नये.

६. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तेव्हा खाणं एकदम बदललं की अंडी थांबतात, म्हणून मे महिन्यापासूनच मासळी हळूहळू कमी करावी. पाऊस लागला की बांधावर गांडुळं, गोगलगायी भरपूर मिळतात. मात्र मासळीऐवजी शेंगदाण्याची पेंड घालणार असाल तर ती बुरशी चढलेली नसावी. त्या बुरशीचं विष कोंबडीपेक्षा बदकाला फार लवकर बाधतं आणि थेट यकृतावर जातं.

७. दहा भाग खाण्यात एक भाग मासळी, बाकी कणी, कोंडा, पाला. याहून जास्त झाली की अंड्याला हिमूस वास येतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

८. तळ्यावर उतरणारं हळदी-कुंकू बदक पकडून पाळायची हौस काहींना असते. ते मुख्यतः पाणवनस्पती आणि बिया खाणारं आहे, मासळीवर जगवायला जाऊ नये. शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला पकडणं गुन्हा आहे. जखमी सापडलं तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.