फळी कोणती घ्याल?
लाकूड म्हणजे सुताराचं काम, असं आपण मेकॅनिकलवाले म्हणतो. पण शेव्हर्ले ३१०० या जुन्या अमेरिकन पिकअपच्या (१९४७-५५) हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा असे, मध्ये पोलादी पट्ट्या. अशी गाडी पुन्हा उभी करताना फळी कोणती घ्याल? रेड ओकची छिद्रं उघडी, पाणी आत शिरतं. व्हाइट ओकची बुजलेली. म्हणून त्याची पिंपं होतात. पाइन हलकं, पण मऊ.

समजा तळ २ × १.२ मीटर, जाडी २० मिलिमीटर, म्हणजे ०.०४८ घनमीटर. घनता ७५० धरली तर ओक ३६ किलो, ५५० धरली तर पाइन साधारण २६. दहा किलोंसाठी मी तरी व्हाइट ओक सोडणार नाही.

लाकूड फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून फळ्यांत फट ठेवा आणि बसवण्याआधी खालूनही वार्निश मारा. चिखल-पाणी खालूनच उडतं!