आमच्या गावचे पाणी कसे तपासतात?

पाणी म्हणजे जीवन, असे आपण पुस्तकात वाचतो. पण सगळे पाणी सारखे नसते. आमचे गाव खाडीच्या काठी आहे. रायगडच्या किनाऱ्यावर वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तरी वैशाखात बायकांना हंडे घेऊन लांब जावे लागते. असे का होते? आणि मिळालेले पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे कसे ओळखावे? ते मी या लेखात सांगणार आहे.

आम्हाला हे कोणी शिकवले ते आधी सांगते. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक काका रोज नळाला पाणी सोडतात आणि टाकीत औषध घालतात. १५ ऑगस्ट २०१९ रोजी आपल्या देशात जल जीवन मिशन जाहीर झाले. त्यात प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचे असे ठरले. आमच्या गावातही अशा पाच जणी आहेत. त्यांतल्या एक आमच्या वर्गातल्या मुलीची आई. बाईंनी ग्रामपंचायतीला विचारले, की हे मुलांनाही दाखवाल का? म्हणून काका आणि काकी तपासणीची पेटी घेऊन शाळेत आले. तीन बाटल्यांत पाणी आणले होते. एक शाळेच्या नळाचे, दुसरे वरच्या आळीच्या विहिरीचे, तिसरे खाडीकडच्या विहिरीचे.

१. विहीर मचूळ का होते?

आपल्या जमिनीखाली काळा कातळ आहे. त्यात पाणी थोडेच मुरते. बाकीचे उतारावरून समुद्राला जाते. जमिनीत मुरलेले गोडे पाणी हलके असते. समुद्राचे पाणी जड असते, कारण त्याच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. म्हणून किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडे पाणी वर आणि खारे खाली राहते. उन्हाळ्यात आपण विहीर उपसतो तेव्हा गोडे पाणी कमी होते आणि खारे वर चढते. मग आजी म्हणते, "पानी मचूळ लागतंय गो!"

हे पाहायला सोपा प्रयोग आहे. अर्ध्या पेल्यात मिठाचे पाणी घ्या. त्यावर चमच्याच्या पाठीवरून हळूच रंगीत गोडे पाणी सोडा. रंग वरच राहतो. मग पेला ढवळला की सगळे एक होते. एकदा खारे झालेले पाणी पुन्हा गोडे करणे कठीण असते. म्हणून विहीर तळापर्यंत उपसू नये.

काकींनी खारेपणा मोजून दाखवला. पाण्यात एक पिवळे औषध घातले आणि दुसरे औषध थेंब थेंब सोडले. पाण्याचा रंग विटेसारखा झाला की थांबायचे. जितके थेंब जास्त, तितका खारेपणा जास्त. थेंब आम्ही मोजले. खाडीकडच्या विहिरीला वरच्या विहिरीच्या तिप्पट थेंब लागले.

२. टाकीतले औषध पुरते का?

काका टाकीत टीसीएल पावडर घालतात. त्यात क्लोरिन असते. त्याने जंतू मरतात. पण पाणी घरी पोचेपर्यंत थोडे क्लोरिन शिल्लक राहायला हवे. एका लिटरात निदान ०.२ मिलिग्रॅम तरी. त्यासाठी पाण्यात तपासणीचे औषध घालतात. क्लोरिन असले तर पाणी पिवळसर होते. शाळेच्या नळाचे पाणी पिवळे झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे पाणी मात्र प्यायचे नाही, ओतून टाकायचे, आणि औषधाला मुलांनी हात लावायचा नाही.

३. काळी होणारी बाटली

ही तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. छोट्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती उबेला ठेवतात. २४ ते ४८ तासांत पाणी काळे झाले, तर त्यात घाणीतले जंतू असण्याची शक्यता असते. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच आम्ही बाटल्यांपाशी गेलो. नळाची बाटली होती तशीच होती. वरच्या आळीच्या विहिरीची बाटली काळी झाली होती!

सगळ्यांना नवल वाटले. ती विहीर गावात सर्वांत गोड. पाणी काचेसारखे नितळ. पाहुणे आले की आम्ही तेच पाणी देतो. एक आजोबा म्हणाले, "आमचे वाडवडील हेच पाणी प्याले, त्यांना काय झालं?"

तेव्हा बाईंनी डॉ. जॉन स्नो यांची गोष्ट सांगितली. १८५४ साली लंडन शहरात पटकीची साथ आली. थोड्या दिवसांत ५०० हून जास्त माणसे मेली. पटकी पाण्यातून येते हे तेव्हा लोकांना पटत नव्हते. डॉ. स्नो घरोघर गेले, कुठे किती माणसे गेली ते विचारले आणि नकाशावर खुणा केल्या. बहुतेक खुणा एका हातपंपाभोवती होत्या. त्या पंपाचा दांडा काढून ठेवला. त्या पंपाचे पाणीसुद्धा दिसायला स्वच्छच होते. म्हणजे डोळ्यांनी जंतू दिसत नाहीत, तपासणीने कळतात.

मग पाणी समितीची सभा झाली. विहिरीच्या कठड्याशी कपडे धुवायचे नाहीत आणि सांडपाण्याची नाली दूर न्यायची असे ठरले. काकांनी विहिरीत टीसीएल टाकले. पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवला. तेथून उत्तर येईपर्यंत हे पाणी उकळूनच प्यायचे आहे. पहिल्या पावसात वाहून आलेली घाण विहिरीत उतरते आणि मुलांना जुलाब, कावीळ होते. म्हणून हे काम आषाढाआधी व्हायला पाहिजे.

४. आम्ही आता काय करतो?

महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून आहे. तेथील माणसे ठरावीक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजतात. आम्हीही काकांबरोबर दर महिन्याला दोन्ही विहिरी मोजतो. दोरीला हातहातावर गाठी मारल्या आहेत. दोरी काका सोडतात, आम्ही गाठी मोजतो. तक्ता या भिंतीवरच लावला आहे, तो जरूर पाहा.

५. घरी काय करावे?

पाणी गाळून खळखळून उकळावे. उकळून जंतू मरतात, पण खारेपणा जात नाही. तुरटीने गाळ खाली बसतो, पण सगळे जंतू मरत नाहीत. हंडा झाकावा आणि दांड्याच्या ओगराळ्याने पाणी घ्यावे. जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे आणि दवाखान्यात न्यावे.

मित्रांनो, आपल्या घरी मोठ्या माणसांना हे सांगा. आणि आईवडिलांनो, पुढच्या तपासणीला तुमच्या विहिरीचे पाणी स्वच्छ बाटलीत घेऊन या. गोड लागते म्हणून चांगले, असे म्हणू नका. आधी बाटली पाहू, मग पाणी पिऊ!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी