न ओरडणाऱ्या चुका

अगं, काल रात्री तू सांगितलंस, "ताई, पायथन दोनमधला तो जुना प्रोग्रॅम मी तीनवर आणला, एकसुद्धा एरर नाही!" तुझा आनंद मोडवेना, म्हणून तेव्हा गप्प बसले. आज बोलते.

एरर येते ती बरी गं. प्रिंटला कंस नाही म्हणून पायथन अडतो, एक्सरेंज सापडत नाही म्हणून ओरडतो. ते तू तासाभरात निस्तरशील. धास्ती आहे ती न ओरडणाऱ्या चुकांची. तुला कधी सांगितलं नाही, पण एका वाचनालयाचा दंडाचा हिशेब मी असाच नव्यावर नेला होता. उशिराच्या दिवसांना सातने भागायचं, येतील तितक्या आठवड्यांना पाचने गुणायचं, एवढंच गणित. जुन्या पायथनमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक गळून पडायचा. दहा दिवस म्हणजे एक आठवडा, दंड ५ रुपये. नव्यात अपूर्णांक राहतो, आणि दंड होतो ७ रुपये १४ पैसे. एका तिरप्या रेघेच्या जागी दोन हव्या होत्या. प्रोग्रॅम कुठेच अडला नाही. एका आजोबांनी दोन पावत्या शेजारी ठेवून दाखवल्या, तेव्हा कळलं. ते आठवलं की आजही पोटात खड्डा पडतो.

म्हणून आधी जुन्यालाच बोलतं कर. २.७ वर तो चालव, खरा डेटा दे, जे निघेल ते फायलीत जपून ठेव आणि नव्याचं उत्तर त्याच्याशी ओळीओळीने ताडून बघ. राऊंड कुठे वापरलंय तेही शोध. २.५ चे जुना ३ करतो, नवा २; अगदी मध्यावरचा आकडा आता सम संख्येकडे झुकतो.

आणि तुझ्या डेटात मराठी नावं आहेत ना? 'मराठी' या साध्या स्ट्रिंगची लांबी जुना पायथन १५ सांगतो, कारण तो यूटीएफ-८ मधले बाइट मोजतो, देवनागरीच्या दर चिन्हाला तीन. नवा ५ सांगतो: म, र, काना, ठ, वेलांटी. जुन्या लेखकाने नाव ३० वर कापलं असेल, तर तो दहाच चिन्हं ठेवत होता! शिवाय फाइल उघडताना एन्कोडिंग स्वतः लिही, नाहीतर विंडोजवर भलतंच वाचलं जाईल. बाइट आणि अक्षरं यांची ही सरमिसळ सोडवणं हे २००८ साली आलेल्या पायथन तीनचं मोठं काम होतं.

'टू-टू-थ्री' हे बदल करून देणारं साधन ३.१३ पासून पायथनबरोबर येत नाही, त्यासाठी ३.१२ ठेव. त्याने केलेले बदल वेगळ्या कमिटमध्ये राहू देत, त्यात तुझी आवराआवर मिसळू नकोस.

मूळ लेखकाला आळशी म्हणालीस, ते मला लागलं. पायथन दोनचा आधार आधी २०१५ ला संपणार होता, तो वाढवून १ जानेवारी २०२० पर्यंत नेला. कॅलिबरसारखं नावाजलेलं सॉफ्टवेअरही त्याच वर्षी सप्टेंबरात, ५.० आवृत्तीत तीनवर आलं. मागे राहणारे पुष्कळ होते गं. वेगळी शाखा काढण्याआधी मूळ लेखकांना दोन ओळी लिही, आणि परवान्याच्या फायलीतलं त्यांचं नाव तसंच ठेव.

आज नऊनंतर मी मोकळी आहे. भागाकाराच्या सगळ्या ओळी काढून ठेव, दोघी मिळून बघू.